रक्तातला गंज

३ सप्टेंबर

तीर्थरूप सर,

साष्टांग नमस्कार. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी 'बाबा' म्हणायला जीभ वळत नाही. वर्गात जे 'सर' तोंडात बसलं ते बसलंच. डोळ्यांवरची पट्टी निघाली का? तिकडे आत्या तुमची आणि आईंची बडदास्त ठेवत असतील, आणि तुम्ही त्यांच्या स्वयंपाकातल्या चुका काढत असाल. डॉक्टरांनी तुम्हाला मोबाइलच्या पडद्याकडे बघायला मनाई केली आहे, म्हणून कागदावर लिहिते. आई वाचून दाखवतील. आई, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू नका.

इकडे सगळं ठीक. तुमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त करायला घेतला, त्यामुळे आता प्लंबरला बोलवावं लागलं. मुलांचा वॉर्ड तुडुंब भरलाय. मलेरिया यंदा हात धुऊन मागे लागलाय.

तुम्ही अभ्यासाचं विचारलंत. चालू आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना मलेरियाच्या गोळ्यांबरोबर तुमची जीवनसत्त्वांची पूड देतो, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. पुडीचा नारिंगी रंग बघून मुलं ती सरबतासारखी पितात. आकड्यांबद्दल नंतर लिहीन. आरोग्य खात्याच्या बैठकीत पुडीची शिफारस करायची तुम्हाला घाई झाली आहे, हे कळतं. पण थोडं थांबलो तर बरं, असं मला वाटतं. इतकंच.

तुमच्या नातीला, ठमीला, जरा ताप होता. आता उतरला आहे. काळजी नको.

तुमची आज्ञाधारक
विद्यार्थिनी आणि सून

९ सप्टेंबर

तीर्थरूप सर,

नमस्कार. आई, हे पत्र वाचताना मध्येच थांबू नका, आणि काही गाळूही नका. हात जोडून सांगते.

ठमीला साधा ताप नव्हता, मलेरिया होता. शाळेतून कुडकुडत आली, दप्तरासकट पलंगावर आडवी झाली. मी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल यायच्या आधीच तिला उचलून वॉर्डात नेलं. माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. त्या दिवशी तुमचा फोन आला. "ठमीला पूड देतेयस ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "हो, सर." ते खोटं होतं. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा वर्गात उभी राहते आणि माझ्या तोंडून 'हो सर'शिवाय दुसरं काही निघत नाही. म्हणून पत्र.

झालं ते असं. तुमचा मुलगा पुडीचं पाकीट घेऊन आला. म्हणाला, "बाबांनी आठवणीने सांगितलंय." मी पेल्यात पूड घातली, पाणी घातलं, ढवळलं. ठमीने हात पुढे केला, "आजोबांचं सरबत!" आणि माझा हात काही पुढे जाईना.

तुम्हीच आम्हाला शिकवलंत, मलेरिया म्हणजे रक्ताला चढलेला गंज. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तिच्यातलं लोह मोकळं करतो आणि पेशी आतून जळायला लागते. तेव्हा हा गंज थांबवणारी जीवनसत्त्वं भरपूर दिली तर मूल लवकर सावरेल. फळ्यावर ते किती सरळ दिसायचं! पण सर, आपल्या गोळ्याही तेच करतात ना? त्या परजीवीला त्याच आगीत जाळून मारतात. शरीराच्या लढणाऱ्या पेशींचं हत्यारही तेच. मग आपण पाणी ओततोय ते नक्की कुणाच्या घरावर? उंदरांवरच्या प्रयोगांत ही शंका आली होती. तुम्ही म्हणाला होतात, "उंदरांचं उंदरांपाशी." मीही हसले होते.

मी पेला बेसिनमध्ये उपडा केला. कुणी बघितलं नाही असं मला वाटलं.

शेजारच्या खाटेवर एका शिंपीणबाईंची मुलगी होती, ठमीएवढीच. तिच्या नावाची चिठ्ठी पुडीची निघाली होती. रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने तिला पूड पाजत होते. ठमीचा ताप उतरला, ती उठून बसली, परिचारिकेशी भांडायला लागली. त्या पोरीचा ताप मात्र हटेना. रक्तात जंतू अजून दिसत होते. एका दुपारी ती बरळायला लागली, आईला ओळखेना. मलेरिया मेंदूपर्यंत पोचला होता. आम्ही तिला अतिदक्षता विभागात हलवलं, शिरेतून औषध सुरू केलं. बाहेरच्या बाकावर शिंपीणबाई बसल्या होत्या. गळ्यात अजून मोजमापाची फीत तशीच. मी जवळ गेले तर त्या म्हणाल्या,

"डॉक्टरीणबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"ते नारिंगी पाणी तुम्ही तुमच्या लेकीला का नाही दिलंत?"

मी सांगितलं, "मला भीती वाटली."

"आणि माझ्या लेकीला देताना?"

त्याच पावली मी वॉर्डात येऊन पूड बंद करवली, सगळ्या मुलांची. अभ्यासाच्या देखरेख समितीला कळवलं, तोवर बंद ठेवलेले आकडे उघडायला लावले. पूड घेणाऱ्या मुलांच्या रक्तातून जंतू जायला जास्त वेळ लागतोय. फरक प्रचंड नाही, पण तो सारखा एकाच बाजूला कलतोय. त्या पोरीचं पुडीमुळेच बिघडलं, असं कुणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. मीही म्हणत नाही. पुडीमुळे नाही, असंही मला म्हणता येत नाही.

ती अजून आत आहे. मी हे तिच्याच दाराबाहेर बसून लिहितेय.

आता मागणं. पुढच्या आठवड्यात तुमच्या शिफारशीवर खातं ही पूड सगळ्या दवाखान्यांत सुरू करणार आहे. ती शिफारस मागे घ्या. तुम्ही स्वतः घ्या. समिती आकडे पाठवेलच, पण तुमच्या शब्दाला तिथे जे वजन आहे ते आमच्या कागदांना नाही. लोक तुमच्याकडे बघून ठरवतील. तुमची उमेदीची वर्षं या कामात गेली, मला माहीत आहे. त्यातली बरीचशी माझीही आहेत.

रागवा. पण फोन करा. मला नाही, खात्याला.

ठमीची आई

१७ सप्टेंबर

तीर्थरूप सर,

नमस्कार. परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आकडे हाती नसताना तुझा हात अडला. शास्त्रज्ञ म्हणून तू नापास." आणि फोन ठेवलात. मला 'हो सर' म्हणायलाही वेळ दिला नाहीत. तुमचं चुकलेलं नाही. आकडे उलटे निघाले असते तर ठमीचं औषध मी नुसत्या भीतीपोटी बेसिनमध्ये ओतलेलं ठरलं असतं. पण जे माझ्या पोटच्या पोरीला देववत नाही, ते दुसरीच्या पोरीला द्यायला माझा हात पुन्हा उठणार नाही. त्यात मी नापास तर नापास.

काल खात्यातून कळलं. बैठकीच्या आधी तुम्ही फोन केलात, तुम्ही स्वतः. "माझी चूक झाली, पूड थांबवा," एवढंच बोललात म्हणे. समोरचे साहेब उगीच समजूत घालायला लागले तर त्यांना झापलंत. हे ऐकून मी जिन्यात उभी राहून रडले. घरी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

शिंपीणबाईंची मुलगी शुद्धीवर आली आहे. डावा हात अजून तिला नीट उचलता येत नाही. येईल, असं मेंदूचे डॉक्टर म्हणतात. 'नक्की' असं म्हणत नाहीत.

मी शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. पूड कुणाची, का दिली, आता काय दिसतंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या सरांना घेऊन या. मला त्यांना विचारायचंय." काय विचारायचंय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

डोळे बरे झाले की या. मी स्टेशनवर येते, आपण दोघं मिळूनच त्यांच्यासमोर जाऊ. त्या विचारतील तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेली असेन. उत्तर दोघांनी द्यायचं आहे, बाबा.

तुमची
सून