शेडभाड्याची ओळ

मंगळवार, संध्याकाळ. पेण.

जोहे गावच्या सुनंदाताईंना दुपारी मीच सांगितलं, "उद्या रोह्यात बिनधास्त सही करा." त्यांचा दीर भागीदारीतून बाहेर पडतोय, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना ताईंच्या एकटीचा होणार. करारातलं प्रत्येक कलम मी तीनदा वाचलं होतं. सोबतची हिशेबाची पत्रकं मात्र नुसती चाळली. आकडे दिसले की मला शाळेपासून धडकी भरते.

पाच वाजता ऑफिसात माझ्या वकील सरांनी तीच पत्रकं पुढे केली. "कारखान्याची शेड कोणाची?"

"कारखान्याचीच."

त्यांनी खर्चातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. शेडभाडं, दिराला. म्हणजे शेड दिराची. ताईंना साचे मिळणार, रंग मिळणार, आणि सही झाली की दीर त्यांना कधीही बाहेर काढू शकणार. ती ओळ मी पाहिली होती. शेडभाडं. पाहून पुढे गेले. आणि मला कंपन्यांची वकिली करायचीय! हिशेब न शिकता ती जमते, असं कॉलेजात सगळ्यांना मीच ठासून सांगायचे.

लगेच फोन केला. "ताई, सही करू नका. चूक माझी झाली."

त्या म्हणाल्या, "नाय करत. पण गो, माझ्या भावाच्या कराराचे कागद पण तूच बघितलेलेस ना?"

होय. त्याने सही केलीय. त्याची पत्रकं तर मी उघडलीसुद्धा नव्हती.