कारणाचा रकाना

३ फेब्रुवारी

पाटी रंगवायला गेले आणि सभासद होऊन आले! वंशशोध मंडळ. वाचनालयाच्या वर एक खोली, बारा खुर्च्या, त्यातल्या दोन लंगड्या. सगळे साठीच्या पुढचे.

नियम अजब. स्वतःचं घराणं स्वतः शोधायचं नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या लागतात – तू माझं शोध, मी तुझं. नाहीतर माणूस वाईट तेवढं गाळतो, असं सेक्रेटरीबाईंचं म्हणणं. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ ही म्हण म्हणे मंडळाच्या घटनेतच आहे!

माझ्या चिठ्ठीत शिंपीकाका निघाले. सत्तरीचे, ओठांत कायम टाचण्या. मी त्यांना बाबांचं आणि आजोबांचं नाव दिलं, गाव दिलं. मी तीन वर्षांची असताना बाबा ट्रकखाली गेले – याहून जास्त मलाच माहीत नाही.

११ फेब्रुवारी

शिंपीकाकांचे पणजोबा घोडेचोर! दोनदा तुरुंगात. काका इतके खूश झाले की टाचणी गिळता गिळता राहिले. गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत.

खरं तर आज त्यांच्या आजीचं शोधायचं होतं. पण नोंदणी कचेरीच्या जिन्याखाली मांजर व्यायली होती. चार पिल्लं. एक काळं. दुपार तिथंच गेली.

१९ फेब्रुवारी

काका फोन घेत नाहीत. शेवटी दुकानात गेले. मशीन थांबवलंच नाही त्यांनी. पाय मारत मारत म्हणाले, अजून काही हाती लागलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्यातही घोडेचोर असणार. किंवा खुनी! असला तर असला.

२२ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. सगळ्यांचे तक्ते वाचले, माझा नाही. ‘अपुरा आहे,’ काका म्हणाले. ते चहा आणायला उठले आणि मी त्यांची पिशवी उघडली.

तक्ता पुरा होता. पणजोबा, वय ४४. आजोबा ४२. आजोबांची बहीण ३९. बाबा ४१. पुढचा मरणाच्या कारणाचा रकाना पेन्सिलीनं लिहून खोडलेला. खिडकीशी धरला. चौघांपुढे तेच – हातपाय आपोआप हलत, मग चालता येईना, मग गिळता येईना. बाबांपुढे ट्रक नाही. रुग्णालय. दोन वर्षं.

काका दारात कप घेऊन उभे. रागावले नाहीत.

"घोडेचोर असते तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं गं, पोरी."

२३ फेब्रुवारी

आज दवाखान्याची पाटी. निळी रेघ हलली. पुसून परत ओढली – परत हलली.

लहानपणापासून मी एका जागी बसत नाही. चार गावं, सहा कामं, शाळा अर्धी. पायाला भिंगरी आहे, आई म्हणते. ती भिंगरी नसली तर?

२४ फेब्रुवारी

सकाळपासून हात टेबलावर पसरून बघतेय. करंगळी हलली. की मी हलवली?

२६ फेब्रुवारी

ज्यांची पाटी रंगवली त्याच डॉक्टरांना विचारलं. नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं. आत्ता काही दिसत नाही म्हणाले. हात नुसता भीतीनं कापतोय, म्हणे. पण असा आजार आई-बापांतल्या एकाला असला की प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. रक्त तपासून कळतं. उपाय नाही. आधी घरी बोला, म्हणाले.

बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले. एक बाई तीन कुत्री घेऊन चालली होती, तिच्याकडेच बघत राहिले किती वेळ. मग उजाडलं डोक्यात – प्रत्येक मुलाला. म्हणजे दादालाही!

दादा बत्तीसचा. घड्याळं दुरुस्त करतो, हातांवरच पोट त्याचं. बाबा आजारी होते तेव्हा त्याला शिकायला मामाकडे ठेवलं होतं. त्यालाही ट्रकच सांगितला असणार.

२८ फेब्रुवारी

दादाला फोन केला. ‘काय भटकभवानी, आता कुठल्या गावात?’ हसत होता. तोंडाशी आलं होतं. गिळलं. त्याचं हसू मीच बंद करायचं? आणि नाही सांगितलं तर – उद्या लग्न करेल, पोरं होतील.

काकांना विचारलं. ते म्हणाले, मी खोडलं ती चूक झाली. खोडून काय मरण खोडलं जातं?

२ मार्च

घरी आले. न कळवता. आई शेजारणीला सांगतेय, वाट चुकली वाटतं आमची बाई! बाबांचं तिला काही विचारलं नाही. तिचा चेहरा इतका आनंदी, की धीरच झाला नाही.

दादाला उद्या दुकानात गाठायचं. आई नसेल तिथं.

३ मार्च

‘बाबांचं खरं कळलं’ – एवढंच बोलले. दादानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

कधीपासून, विचारलं. गेल्या पावसाळ्यापासून. बारीक घड्याळं घेतच नाही तो आता, भिंतीवरची तेवढी घेतो. रक्त तपासून झालंय. आईला सांगितलेलं नाही.

मग म्हणाला, "तू तपासू नकोस इतक्यात. दोघांत एकाला तरी स्वतःचं माहीत नसू दे."