यॉटच्या मॅटवर पाय ठेवू नये

मंगरूळपीर,
कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव पियूष यास धापूभुआचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझं पित्त कसं आहे? सूनबाई कृतिकाला सांग, तिने पाठवलेले काजू पोचले. तुझ्या फुफाजींनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) ते डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी कपाटात ठेवली आहे. किल्ली सापडली की खाऊ.

पत्राचं कारण तुझ्या मॅट. तू गोव्यात श्रीमंतांच्या यॉटवर मापाच्या मॅट बसवतोस, याचा तुझ्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, अभिमान आहे. मलाही होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा ह्यांनी भर पंगतीत जाहीर केलं की धापूला स्वतःच्या नावेतून तलावात फिरवीन. माझं माहेर अनसिंगचं, पाणी पाहिलं ते विहिरीतलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यांना विचारलं होतं, मला एकदा नावेत बसवाल का? ते ह्यांना चाळीस वर्षांनी आठवलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं (त्या वेळी वाटलं). मग तूच कुठल्याशा हॉटेलवाल्याची जुनी यॉट शोधून दिलीस. ती ट्रेलरवरून आली तेव्हा गावातल्या विजेच्या तारा बांबूने वर उचलून धराव्या लागल्या. तेव्हापासून ती आमच्या डाळ मिलच्या आवारात, तुरीच्या पोत्यांशेजारी उभी आहे. बाजूला लाल अक्षरात ‘धापू’ लिहिलेलं आहे. तलावात चालवायची परवानगीही आलेली आहे. ती ह्यांनी लॅमिनेट करून घेतली.

मग तू आलास. खाकी कागद पसरून, गुडघ्यांवर रांगत यॉटच्या फरशीचे, म्हणजे तुमच्या त्या डेकचे, साचे कापलेस. मागे खरं सागवान आहे, त्याला हवा लागते, म्हणून जाळीची मॅट, आणि खाली रबर नको कारण लाकडावर डाग पडतात. पुढे फायबर आहे, ते घसरतं आणि त्यावर ओरखडे उठतात, म्हणून जाड, पाय धरून ठेवणारी मॅट. पायऱ्यांवर सागवानाचं सोंग घेतलेलं प्लास्टिक आहे, ते उन्हात तापतं, म्हणून फिक्या रंगाची मॅट. हे सगळं आमचे हे कान देऊन ऐकत होते. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांचं त्यांनी कधी इतकं ऐकलं नाही. आणि मॅट तरी काय बसवल्यास! दोरखंड बांधायच्या खुंट्यांभोवतीसुद्धा नख जाईल एवढी फट नाही. कामाला नाव ठेवायला जागा नाही, हे मी मान्य करते.

तुझी चूक एकच. जाताना तू म्हणालास, फुफाजी, आता डेकची काळजी मिटली. अरे, काळजी मिटायला आमचं घर काय धर्मशाळा आहे? आमच्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, उन्हाळ्यात उठताना पाठ सोलून निघते. सोफ्याचा खरा रंग मयंकच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या साखरपुड्याला दोन तास दिसला होता. अशा घरात तू डेकची काळजी मिटवलीस, त्यामुळे मॅटची काळजी सुरू झाली. आठ दिवसांत मॅटवर सतरंजी आली. सतरंजीला धूळ लागते म्हणून तिच्यावर ताडपत्री आली. ताडपत्रीवर मांजर बसतं म्हणून सेवादास बसला (आमचा मिलचा चौकीदार, मांजर हाकलायला). त्यालाही वर चढायची बंदी, शिडीवरूनच हाकलायचं. तो परवा मला म्हणाला, “बाई, शेटजी म्हनते पाय धुऊन ये. धुतले. मंग म्हनते, वल्ले पाय घेऊन कायले आलास?” आणि डाळ निवडणारी चंदाबाई तर तोंडावर विचारते, “बाई, हा डोंगा बसाले आनला का पुजाले?” मी हसले. दुसरं काय करणार!

तरी चातुर्मास संपला आणि पौर्णिमेचा मुहूर्त निघाला. दौलतसिंगच्या ट्रॅक्टरने यॉट तलावावर नेली. सनई होती, पेढे होते, सरपंच होते, निम्मं गाव होतं. मी माहेरची बांधणी नेसले होते. यॉट पाण्यात उतरली, आणि मी चप्पल काढून शिडीवर एक पाय ठेवला, तोच ह्यांना काठावरचा चिखल दिसला. मॅट खराब होतील! लगेच दौलतसिंगकडून सगळ्या मॅट काढवल्या, पुसवल्या, गुंडाळून ट्रॉलीत ठेवल्या. मी पुन्हा पाय उचलला. तर हे दोन्ही हात पसरून आडवे. आता मॅट कुठे आहेत? उघड्या सागवानावर माणसं चढवायची का? मी म्हटलं, मग मॅट घाला. तर म्हणाले, आणि चिखल? पियूष, मी एका पायावर उभी राहून या माणसाचं म्हणणं तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा मला त्यातून बाहेर पडायची वाट दिसली नाही. शेवटी सरपंचांनी नारळ फोडला (जमिनीवर, डेकला शिंतोडे नकोत म्हणून), सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ‘धापू’ मिलमध्ये परत आली. तिच्यामागून मी चालत आले. वाटेत मला रडू आलं, खरं सांगते. माझ्या नावाच्या वस्तूवर पाय ठेवायला मलाच मनाई, आणि नवऱ्याला वाटतंय आपण बायकोची हौस पुरवली. गावातल्या बायकाही तेच म्हणतात, धापूबाईंनी नशीब काढलं!

असो. ह्यांनी सांगितल्यावरून लिहिते की, मॅटवर घालायला मापाच्या मॅट तू करतोस का, ते कळव. साचे तुझ्याकडे आहेतच. पित्ताला रोज कोकम घे, जागरण करू नकोस, आणि वहिनींना माझा जय जिनेंद्र सांग.

तुझी
धापूभुआ

ता. क. — वरच्या मॅट करू नकोस. साचे फाडून टाक.

आणखी ता. क. — खरं काम हे आहे. ह्यांचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, पण छापील गॅरंटीवर आहे. मिक्सरच्या गॅरंटीत लिहिलंय म्हणून हे आजही दर तीन मिनिटांनी तो बंद करून ठेवतात, चटणी अर्धवट राहिली तरी. तेव्हा कंपनीच्या कागदावर, शिक्का मारून, ह्यांच्या नावाने एक पत्र धाड. त्यात लिही की या मॅट पाण्यावर चालत्या यॉटमध्ये महिन्यातून एकदा तरी वापरात आल्या नाहीत तर त्यांना तडे जातात, आणि गॅरंटी संपते. वापर म्हणजे बासष्ट किलो वजन, किमान एक तास.

शेवटचं — बासष्ट किलोच्या पुढे ‘मालकाची पत्नी, अनवाणी’ असं ठळक अक्षरांत छाप. नुसतं वजन लिहिलंस तर हे तुरीचं पोतं फिरवून आणतील.