बडोद्यातली पहिली नोंद

नागरवाडा, बडोदे
ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. पद्माकर यास निरुताईचे अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र. काल सकाळी व्हरांड्याच्या जाळीवर वीतभर पंखांचा तांबूस पतंग दिसला. शेजारच्या मोहनावहिनींना लांबून वाटलं, मी ब्लाऊजपीस वाळत घातलंय. नात ऋचाने फोटो पाठवताच तिच्या कॉलेजचे सर स्कूटरवरून धावत आले. म्हणाले, ही अ‍ॅटलास पतंगाची मादी. कोकणातल्या, घाटातल्या ओल्या जंगलात राहणारी. बडोद्यात कुणी पाहिल्याची नोंद त्यांच्याकडे नाही. त्यांच्या यादीत पहिली नोंद माझ्या नावाने छापणार आहेत. चाळीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची हजेरी घेतली. आता नातीसारखी मीच नाचतेय.

तू पाठवलेलं दालचिनीचं रोप छान रुजलंय. सौ. नीराला आशीर्वाद. उत्तराचा आळस करू नकोस.

तुझी
निरुताई

सावंतवाडी
ता. ९ ऑगस्ट

ती. निरुताईस पद्माकरचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून नीरा हसत सुटली आणि मी ओशाळलो. जुलैत रोप बांधताना फांदीला सुक्या पानात गुंडाळलेला एक कोश दिसला होता. आमच्या परसात असे दरवर्षी असतात. काढायचा कंटाळा केला. तेव्हा तुझी पाहुणी कुरिअरने आली, ताई. फांदीवर रिकामा कोश आहे का बघ. तू सरांना सांगितलं नाहीस तर मीही तोंड उघडणार नाही. पण तुझ्यापासून लपवणं जमेना. हवं तर रागाव, लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझा
पद्माकर

बडोदे
ता. १६ ऑगस्ट

चि. पद्माकर यास अनेक आशीर्वाद.

रिकामा कोश सापडला. दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडले आणि मग सरांना फोन करून नोंद मागे घेतली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

सरांनी मात्र वेगळंच विचारलं. तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याजवळ एक नर येऊन बसला होता, पिसांसारख्या रुंद मिशांचा. तो फोटोही सरांकडे गेला होता. कोश एकच होता, तर हा नर कुठून आला, असं ते म्हणाले. तो इथलाच असेल तर नोंद खरी. पण तोही कुणाच्या रोपावरून आला नाही, याची आधी खात्री हवी.

म्हणून मी आणि ऋचा दारोदार फिरतोय, कोकणातून कुणी झाड आणलंय का विचारत. एकोणीस घरांनी नाही म्हटलं. कुणी तोंडावर नाही म्हटल्याचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

दोघांचा लोभ राहू दे. विसाव्या घरी जाऊन येते.

तुझी
निरुताई