फ्रेमची पाठ उघडी आहे

लुनेनबर्ग,
९ मे

प्रिय ग्लेंडा,

माझं बरं चाललं आहे. गुडघा हिवाळाभर कुरकुरत होता, आता गप्प आहे. कॅल्गरीत अजून बर्फ पडतंय असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा जपून गाडी चालव. इथे परसात तुझ्या आईचं रुबार्ब, तिची ती आंबट लाल देठांची भाजी, जोमानं वर आलं आहे. कापून कुणाला द्यायचं, ते मला माहीत नाही. ते सगळं तीच बघायची.

तुझं पार्सल मिळालं. आईचा फोटो, मी पाठवला तसाच फ्रेममध्ये, आणि वर तुझी चिठ्ठी: "बाबा, काच आतून धुरकटली आहे. आई नीट दिसत नाही." फेब्रुवारीनंतरचं हे तुझं पहिलं अक्षर. मी ते बराच वेळ हातात धरून होतो.

मग खिडकीशी नेऊन पाहिलं. खरंच, बरोबर चेहऱ्यावर, कुणी काचेवर फुंकर घालावी तसं. फ्रेम काखेत मारून लेस्टर झ्विकरच्या दुकानात गेलो. फोटो त्यानंच छापला होता, फ्रेमही त्याचीच, म्हणून गेल्या गेल्या मी काचेला नावं ठेवली. त्यानं मागची चिकटपट्टी कापली, काच काढली, आतून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"विलर्ड, चाळीस वर्षं कॉड मासे सुकवलेस तू, आणि एक कागद सुकवता येईना?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. शाईत एक सावकाश उडणारं द्रव्य असतं म्हणे. बोटाला कागद कोरडा लागतो, पण ते आतून कित्येक दिवस येत राहतं आणि समोर काच असली की तिच्यावरच बसतं. अगं, खारवलेल्या माशाचंही हेच. वरून खडखडीत झालेला मासा आम्ही लगेच पेटीत भरत नसू. एकावर एक रचून ठेवायचो, आतलं पाणी वर यायचं, मग पुन्हा उन्हात. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आईच्या अंत्यविधीच्या गुरुवारी सकाळी लेस्टर तेच सांगत होता, काही दिवस राहू दे म्हणून. मी म्हटलं, दुपारी दोनला चर्चमध्ये हवा आहे, घाल आत.

आता फोटो जेवणाच्या टेबलावर आहे. वर साधा कोरा कागद, त्यावर हलकी फळी. रोज सकाळी कागद बदलायचा. पहिले काही दिवस तो शाईतलं ते द्रव्य शोषून लाटांसारखा चुरमडून निघायचा. फोटो आणि काच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लेस्टरनं भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट कापून दिली आहे. काच मी दोनदा पुसली.

कागद बदलताना मी सातवीतली कविता म्हणतो, दीपगृहात वाट पाहणाऱ्या बाईची. मिस एडिथनी पाठ करून घेतली होती, तुझी आई माझ्या पुढच्याच बाकावर. शेवटचं, चौथं कडवं आयुष्यभर तिनंच म्हटलं, म्हणून मला ते यावं लागलंच नाही. आता तिसऱ्या कडव्यानंतर घर अगदी शांत होतं.

ग्लेंडा, तुला एक सांगायचं राहिलं आहे. राहिलं नाही, मी मुद्दाम मागे ठेवलं. वादळामुळे तू टोरंटोच्या विमानतळावर अडकली होतीस, तेव्हा मी फोनवर म्हटलं की चर्चला दुसरा दिवस मोकळा नाही. तसं नव्हतं. पाद्रीबाई स्वतःहून म्हणाल्या होत्या, शनिवारपर्यंत थांबू, पोरगी येऊ दे. विधीनंतरच्या चहाला सँडविच करणाऱ्या बायकाही थांबायला तयार होत्या. मीच म्हटलं, नको, आजच उरकू. दोन दिवस तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायची मला भीती वाटली. तू आली असतीस तर दोघं बसलो असतो, एवढं साधं मला सुचलं नाही. तुला तिचा निरोप मी घेऊ दिला नाही.

जमीन गोठलेली होती, म्हणून तिची शवपेटी अजून टेकडीवरच्या दगडी कोठीतच आहे, आपल्याकडे ठेवतात तशी. आता माती मऊ झाली. कबर खोदणारा मर्विन काल दारात येऊन विचारून गेला, कधी म्हणून. मी म्हटलं, माझी मुलगी तारीख सांगेल. तो म्हणाला, जून संपेपर्यंत सांगा म्हणजे झालं.

चार दिवस झाले, कागद सपाट निघतोय. लेस्टर म्हणतो, आता खुशाल बंद कर. फोटो आत बसवला आहे, पण मागची पट्टी मी लावलेली नाही. तू येऊन आधी बघ. नीट दिसते म्हणालीस, तरच लावू.

आणि ते शेवटचं कडवं तिनं तुला कधी शिकवलं असेल, तर येताना आठवून ये.

तिसऱ्या कडव्याशी थांबलेला,
तुझा बाबा