मान सरळ करण्याचे पाच सिटिंग

२ सप्टेंबर २००८, सकाळ
निश्चय. बावीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून, मान डावीकडे वर करून. आता बस्स. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की मी वर. मालक गुलाबभाऊंनी बापाचा रोल कबूल केलाय. अट एकच, मान सरळ पाहिजे.

५ सप्टेंबर
चंद्रपूर. फिजिओथेरपीच्या दामिनी मॅडम म्हणाल्या, एका बाजूचे स्नायू आखडलेत, दुसरीकडचे ढिले पडलेत. शॉक वेव्हचे पाच सिटिंग घ्या. करंट नसतो, नुसते ठोके. पहिलं लगेच घेतलं, पण मशीनचा प्लग कुठे आहे ते आधी पाहून.
दुखणं कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, बावीस वर्षं. बायको मीरा मध्येच बोलली, "नाई मॅडम, तीन वर्षं झाले. आमची पोरगी हर्षा मलेरियानं गेली तवापासून हे मान खाली घालूनच चालते."
मीराला मेडिकलमधलं काही कळत नाही. घरी पोंभुर्ण्याला परतताना एसटीत वेगळ्या सीटवर बसलो.

१९ सप्टेंबर
दुसरं सिटिंग. मशीन मानेवर सुतारपक्ष्यासारखं टकटक करतं. शिवाय घरी व्यायाम: भिंतीला पाठ, हनुवटी आत, रोज वीस वेळा.

२० सप्टेंबर
तीन वेळा. उद्यापासून वीस.

२४ सप्टेंबर
व्यायाम नाही. मान सरळ केली की समोर हर्षाचा फोटो येतो. भिंत बदलावी म्हटलं, तर दुसरीला ओल आहे.

१७ ऑक्टोबर
पाचवं सिटिंग संपलं. मॅडम म्हणतात सत्तर टक्के फरक. मी शंभर धरतो.
अख्खं नाटक पाठ आहे, सगळ्यांचंच. खड्ड्यात आता भूपेश बसणार. त्याला सांगितलं, माझ्या प्रवेशात पुस्तक मिट आणि चहा घे.

२४ ऑक्टोबर
मीरा विचारते, शेवटचं वाक्य जमन का तुमाले? बाप उशिरा घरी येतो, आजारी पोरगी खाटेवर असते, त्या वेळचं. काऊन नाही जमणार? कितीदा दुसऱ्याच्या तोंडी घातलंय. हर्षा गेली तेव्हाही मी प्रयोगालाच होतो. सकाळी पोचलो. पण त्याचा इथे काय संबंध.

९ नोव्हेंबर, सकाळ
काल प्रयोग झाला. मान इतकी सरळ की फोटो काढावा. पहिल्या रांगेत मीरा. खाटेवर डिंपल, पोरीच्या कामात, डोळे मिटून. मी जवळ गेलो. वाक्य येईना.
खड्ड्यात पाहिलं. भूपेश पुस्तक मिटून चहा पीत होता. लोक हसायला लागले. तेव्हा पहिल्या रांगेतून मीरानंच ते वाक्य सांगितलं, "पोरी, डोळे उघड. तुझा बाप आला."
हसणं थांबलं. मला ते तिच्यामागूनही म्हणता आलं नाही. मान खाली गेली. लोकांनी अभिनय समजून टाळ्या वाजवल्या.

१२ नोव्हेंबर
गुलाबभाऊ म्हणाले, मान मस्त टाकली संघपाल, पण आपल्याले बोलणारा बाप पाहिजे. मी परत खड्ड्यात.

१५ नोव्हेंबर
मान दुखते. मीराला म्हटलं, मशीन फालतू निघालं. ती तेल चोळत बसली. वाईट वाटत होतं, फार. तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, हर्षानं शेवटी डोळे उघडले होते का?
"उघडले होते ना. दाराकडे पाहून राह्यली होती."
उद्यापासून व्यायाम. त्याच भिंतीला. वीस वेळा.