शिक्का उमटत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

शिक्का मारता येणार नाही म्हणाले. परदेशी जाणाऱ्या कागदांवर सरकारी शिक्का मारतात, फोर्टातल्या त्या खिडकीवर दोन तास उभा होतो. मॅडमनी आमच्या वैशूचं नर्सिंगचं सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटं केलं, नखाने टकटक वाजवलं आणि परत सरकवलं. "काका, हे लॅमिनेट केलंय. प्लॅस्टिकवर शिक्का उमटतो का? मूळ कागद आणा." मी म्हटलं, मॅडम, मूळ कागदच आहे, आत आहे. मागचे दोघे हसले.

परळपर्यंत येताना पिशवी छातीशी धरून बसलो. वैशूला काय सांगू?

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅमिनेशन मीच केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी पास झाली त्याच आठवड्यात लालबागच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मशीनमधून गरमगरम बाहेर आलं, आरशासारखं चकाकत होतं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. येणाराजाणारा वाचायचा.

सव्वीस जुलैच्या पुरात आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. माझं गिरणीचं सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळ्याचा लगदा झाला. एकवीस वर्षं सांचे चालवले, पण गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा दाखवायला एक चिठोरं नव्हतं. कागद भिजला की माणूस खोटा ठरतो. पोरीचं तसं होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलं. सातवी शिकलेल्या माणसाला यापुढचं काय सुचणार!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वैशूचा फोन. जर्मनीला जाऊन चौदा महिने झाले. इथे अकरा वर्षं आयसीयूत काढली, नवे डॉक्टर तिला विचारून सुई लावायचे. तिथे ती मदतनीस. उशा बदलायच्या, अंग पुसायचं, भरवायचं. इथलं शिक्षण तिथल्या सरकारने मान्य करेपर्यंत इंजेक्शनला हात लावायचा नाही.

म्हणाली, "बाबा, काल एका आजोबांची सलाईन संपत आली होती. मला दिसतंय, पण बेल वाजवून नुसती उभी राहिले. जी आली ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान."

शिक्क्याचं सर्टिफिकेट पंधरा एप्रिलच्या आत तिथल्या टेबलावर पाहिजे. पोचलं तर पुरी नर्स, आणि मनवाला तिकडे नेता येईल. नाही पोचलं तर करार संपला, वैशू परत. मनवाच्या बापाने दुसरं घर केलं म्हणून तर ही एवढ्या लांब गेली, सहा वर्षांची पोर आमच्याकडे ठेवून.

"बाबा, काम कुठवर आलं?" मी म्हणालो, चाललंय.

९ फेब्रुवारी, रविवार

करू नये ते केलं. झेरॉक्सवाला म्हणाला होता, गरम केलं तर कदाचित सुटेल, गॅरंटी नाही. शेजारून इस्त्री आणली. वर ओला रुमाल घातला. एक कोपरा सुटला, मला वाटलं जमलं. ओढलं — प्लॅस्टिकबरोबर प्रिन्सिपॉलची सहीच निघून आली. वैशूच्या नावाचं अर्धं अक्षरही.

बायको, जाई, म्हणाली, "जन्मात स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली नाही, आणि आज पोरीच्या नशिबाला करायला बसलात." मग तीच रडायला लागली. मी कागदाचे तुकडे पाटावर ठेवून बघत बसलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं वैशूला.

"इस्त्री केलीत, बाबा?"

"हो."

मग हसली. रडण्याच्या अगोदर हसतात तसं. "असू दे. डुप्लिकेट मिळतं. मी अधिकारपत्र पाठवते, तुम्ही अर्ज करा." एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डुप्लिकेटचा अर्ज दिला. आधी नोटरीकडे. टायपिस्टने विचारलं, कागद खराब कसा झाला, काय लिहू? मी सगळं सांगायला लागलो — पूर, गिरणी, इस्त्री. त्याने "उष्णतेमुळे" एवढंच लिहिलं.

मग सर्टिफिकेट देतात त्या ऑफिसात. क्लार्कने विचारलं, "अर्जदार कुठे आहे?" जर्मनीत. "मग तुम्ही कोण?" बाप. "बापाचा पुरावा?" रेशनकार्ड दाखवलं. खाली वाकून बघितलं, वर बघितलं. "टपालाने घरी येईल. महिना-दीड महिना धरा. फेऱ्या मारू नका."

बोटांवर मोजलं. मग फोर्टातला शिक्का, मग कुरिअरचे आठ दिवस. जेमतेम बसतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही आलं. टपालवाला आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

६ मार्च, गुरुवार

मनवा फोनवर आईकडून तिकडचे आकडे शिकते. आइन्स, त्स्वाय, द्राय. दिवसभर जिन्याच्या पायऱ्या त्या आकड्यांत मोजत होती. रात्री माझ्या पोटावर पाय टाकून विचारते, "आजोबा, तिकडे तुम्ही कुठे झोपणार?" मी म्हटलं, मी इथेच झोपणार. "मग मी पाय कुठे ठेवू?"

जाई म्हणाली, ही गेली की खोली केवढी मोठी होईल. मी उगाच खेकसलो तिच्यावर. दहा बाय बाराची खोली, मोठी काय होणार.

१८ मार्च, मंगळवार

फेऱ्या मारू नका म्हणाले होते, तरी गेलो. "निघालंय, काका. टपालात आहे."

वैशूला सांगितलं. खूष झाली. मनवासाठी छोटा पलंग घेऊन ठेवलाय, फोटो पाठवला. पांढरा, बाजूला कठडा. खिडकीतून बाहेर कोणाची भिंत नाही, झाडं आहेत. मनवाने फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला. मी पण बघितला.

२४ मार्च, सोमवार

आज काही लिहीत नाही.

२५ मार्च, मंगळवार

मनवाचा खालचा दात पडला. कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे ठेवायला दिला. वैशूला फोनवर तोंड उघडून दाखवला. वैशू म्हणाली, "पहिला दात, आणि मी तिथे नाही." मी फोन जाईकडे दिला.

२७ मार्च, गुरुवार

पाकीट सोमवारीच आलं. सही करून जाईने घेतलं. नवं कोरं सर्टिफिकेट, मागची बाजू सगळी पांढरी, शिक्क्याला हवी तेवढी जागा. ट्रंकेत तळाला ठेवलंय, दाताच्या पुडीशेजारी.

आता वैशूचा फोन होता. "बाबा, काही आलं?"

मी नाही म्हणालो. जाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.